एकशे आठ अंगुळं

ताहाराबादच्या फाट्यावर काळीपिवळी भरायला पाऊण तास लागला. मागच्या बाकावर माझ्या शेजारी एक म्हातारी माय होती, तिच्या मांडीवर पाचेक वर्षांचा नातू, पायाशी बाजाराची पिशवी. गाडी सुटल्यापासून गप्पा चालू होत्या. कांद्याचा भाव, डाळिंबावरचा तेल्या, कुणाच्या तरी लग्नातलं वरण. मग एका वळणानंतर डोंगर समोर आला. मांगी आणि तुंगी ही सुळक्यांची जोडी, आणि मांगीच्या अंगातून कोरून काढलेली एक उभी आकृती. हात खाली सोडलेले, नजर स्थिर, उंची १०८ फूट. जैनांचे पहिले तीर्थंकर, भगवान ऋषभदेव. गाडीतलं बोलणं थांबलं.

मग माय पुढं वाकली, डोळ्यांवर हात धरून तिनं नीट बघितलं आणि ड्रायव्हरला विचारलं, "इतला मोठा देव! येले आंघोळले पानी कथाईन आनतस, भाऊ?"

ड्रायव्हर आरशातून बघत म्हणाला, "माय, तुमना गावना टँकर आठेच रिकामा व्हस ना!"

सगळी गाडी हसली. माय सगळ्यांत जास्त हसली आणि हसता हसताच तिनं डोंगराकडं हात जोडले.

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी विषय दिला होता, थक्क करणारं शिल्प आणि रोजच्या जगण्यातला विनोद. ऐकल्यावर मला ते दोन वेगळे लेख वाटले होते. एकात मान वर करून बघायचं, दुसऱ्यात चावडीवर बसून ऐकायचं. सटाण्याच्या, म्हणजे बागलाणच्या मुलखात आठवडाभर हिंडले आणि ते दोन लेख वेगळे राहिले नाहीत. मायचा प्रश्न चेष्टेचा नव्हता. तिला त्या मूर्तीचं माप हवं होतं. उन्हाळ्यात टँकरच्या शिट्टीकडं कान लावून बसणाऱ्या बाईनं ते पाण्यात काढलं, इतकंच.

खांद्यावर तुळई घेतलेले सहा जण

या फेरीची सुरुवात मी नाशिकच्या पांडवलेण्यांपासून केली होती. त्रिरश्मी डोंगरावरचं तिसरं लेणं सातवाहनांच्या राजमाता गौतमी बलश्रीनं भिक्षूंना दान दिलं, नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या राज्याच्या १९व्या वर्षी. ओसरीच्या भिंतीवर तिचा मोठा लेख आहे. त्यात तिनं आपल्या मुलाचं, गौतमीपुत्र सातकर्णीचं वर्णन केलं आहे: त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यालं, त्यानं क्षत्रियांचा गर्व उतरवला. मुलगा गेल्यावर आईनं दगडात लिहून ठेवलेलं हे कौतुक आहे. अठराशे वर्षं उलटली तरी त्यातला जिव्हाळा कोरडा पडलेला नाही.

पण शाळेच्या सहलीतली पोरं त्या लेखापाशी थांबत नाहीत. ती खाली, जोत्यापाशी बसतात. तिथं सहा आडदांड पुरुष जमिनीतून अर्धे वर आलेले कोरले आहेत आणि सगळ्या ओसरीचा भार तुळईसकट त्यांच्या खांद्यांवर आहे. मी गेले त्या दिवशी सटाण्याकडचं एक कुटुंब आलं होतं. त्यांतल्या काकांनी मुलाला जवळ ओढून दाखवलं, "हाऊ दख, कांदानी गोनी उचली राहिना. नि भाव पडेल शे म्हनीन तोंड आसं!"

मुलगा खिदळला. काका मात्र तिथून हलले नाहीत. त्यांनी आपला खांदा त्या दगडी खांद्याच्या रेषेत आणून बघितला, मान किती वळते ते तपासलं आणि बायकोला म्हणाले की ज्यानं हे केलं त्यानं वजन वाहणारा माणूस जवळून पाहिलेला आहे. बाजार समितीत उमेदीची काही वर्षं हमाली केली होती त्यांनी. लेण्याची एवढी नेमकी समीक्षा मी क्वचितच ऐकली आहे, आणि तिची सुरुवात एका विनोदानं झाली होती.

थोर वास्तूच्या पायाशी असा एखादा माणूस किंवा गण ठेवायची आपल्याकडच्या पाथरवटांची सवय फार जुनी आहे. नाशिककडून पूर्वेला सरकणारी सातमाळ्याची रांग पुढं अजिंठ्याच्या डोंगरांना मिळते. तिथं कन्नडजवळ पितळखोऱ्याची लेणी आहेत, इसवी सनापूर्वीची. गेल्या शतकाच्या मध्यात तिथल्या अंगणातला मलबा काढला तेव्हा एक बुटका यक्ष सापडला. तो आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. डोक्यावर त्यानं परात धरली आहे, पोट सुटलेलं, आणि तोंडभर असं हसू की बघणाऱ्याच्या ओठांवर ते आपोआप येतं. त्याच्या हातावर प्राकृतात कोरलेलं आहे की हा कण्हदास नावाच्या सोनारानं घडवला.

सोनारानं घडवलेला दगड! बारीक काम करणाऱ्या हातानं एकदा मोठं काम घेतलं आणि हसणारा यक्ष काढला. शिवाय स्वतःचं नावही घातलं. त्या काळच्या शेकडो मूर्तींवर दात्यांची नावं आहेत, करणाऱ्याचं नाव सापडणं दुर्मीळ. ते या हसऱ्याच्या हातावर सापडावं, याचा मला फार आनंद होतो.

वेरूळला तर हा खेळ उघड चालतो. रामेश्वर लेण्यात शिवपार्वती सारीपाट खेळताहेत. वर डावावरून रुसवाफुगवी, आणि खालच्या पट्टीत शिवाचे गण बिचाऱ्या नंदीला छळताहेत. मालक डावात गुंतलेत तोवर पोरांनी गोठ्यात घातलेला हा धुडगूस कोणत्याही शेतकऱ्याच्या घरातला आहे.

नऊ ताल, चार ताल

हे गण बघून हसू का येतं, याचं उत्तर मूर्तिशास्त्राच्या मापात आहे. मूर्तीचं माप तालात धरतात. हनुवटीपासून केसांच्या कडेपर्यंतचा चेहरा म्हणजे साधारण एक ताल, आणि एका तालाची बारा अंगुळं. हे अंगुळ म्हणजे पाथरवटाच्या बोटाची जाडी नव्हे. ते त्या मूर्तीचं स्वतःचं अंगुळ. मूर्ती तळहातावर मावणारी असो की डोंगराएवढी, आधी तिची उंची ठरते, मग उंचीचे सारखे भाग पाडून अंगुळ निघतं, आणि त्या अंगुळानं नाक, कान, नाभी, गुडघा यांच्या जागा पडतात.

भारदस्त देवमूर्ती नऊ किंवा दहा तालांत करतात. नऊ ताल म्हणजे नऊ गुणिले बारा, एकशे आठ अंगुळं. जपमाळेचे मणी तेवढेच, आणि जैनांच्या एका परंपरेत पंचपरमेष्ठींचे गुणही एकशे आठच मोजतात. मांगीवरची मूर्ती १०८ फुटांची आहे. नवतालाच्या हिशेबानं बघितलं तर तिथं एक अंगुळ म्हणजे बरोबर एक फूट. चेहरा बारा अंगुळं, म्हणजे बारा फूट. एका मजल्याहून उंच चेहरा. हा हिशेब मी वहीत मांडला तेव्हा काळीपिवळीतल्या गप्प झालेल्या क्षणाचं कारण मला थोडंसं कळलं.

आता गण, कुब्ज, बुटके यांच्याकडं या. त्यांना चार-पाच ताल देतात. म्हणजे डोकं अख्ख्या देहाच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याएवढं. नवजात बाळाचं मोजून बघा, डोकं उंचीच्या सुमारे चौथ्या भागाएवढंच भरतं. गण बघून आपल्याला हसू येतं ते रांगणारं मूल बघून येतं त्याच जातीचं. पाथरवटाला त्यासाठी वेगळी हत्यारं काढावी लागत नाहीत. छिन्नी तीच, ताल तोच. किती वेळा मोजायचा एवढंच बदलतं.

मला या सगळ्या विषयातली सगळ्यांत मोठी गोष्ट हीच वाटते. आपल्या शिल्पात भव्यता आणि गंमत एका पट्टीवर मोजलेल्या आहेत. एकीला देव्हारा आणि दुसरीला अंगण अशी वाटणी मागाहून आपण केली.

डोंगरातून देव

मांगीतुंगी हे दिगंबर जैनांचं सिद्धक्षेत्र. राम, हनुमान, सुग्रीव आणि ९९ कोटी मुनी इथून मोक्षाला गेले अशी श्रद्धा आहे, म्हणून चढणारा माणूस पायरीला हात लावून कपाळाला लावतो. १९९६ साली जैन साध्वी ज्ञानमती माताजींचा चातुर्मास इथं झाला. त्या वर्षीच्या शरद पौर्णिमेला, म्हणजे आपल्या कोजागरीला, त्यांनी या डोंगरात ऋषभदेवांची १०८ फुटी मूर्ती घडवण्याची कल्पना मांडली. शिलापूजन २००२ साली झालं. प्रत्यक्ष मूर्तीवर छिन्नी लागली ती २०१२च्या डिसेंबरात. मूर्ती पुरी झाली २०१६च्या जानेवारीत, आणि पुढच्याच महिन्यात पंचकल्याणक प्रतिष्ठा झाली. मार्चमध्ये गिनीज बुकात जगातली सर्वांत उंच जैन मूर्ती म्हणून तिची नोंद झाली.

शिलापूजन आणि पहिली छिन्नी यांच्यात दहा वर्षं गेली, ती का, हे डोंगराला विचारायला हवं. सह्याद्रीचा हा काळा पाषाण लाव्हाच्या थरावर थर साचून झालेला. दोन थरांच्या सांध्यात माती, मध्येच चिरा, कुठं आत पोकळी आणि त्या पोकळीत स्फटिक. घराच्या पायाला असा दगड चालतो. पण ज्याच्या अंगात चेहऱ्यापासून पावलापर्यंत एक देह बसवायचा तो कातळ सलग लागतो. आधी डोंगराचं वरचं, बाजूचं, पुढचं अंग कापून बाजूला करायचं, मग निर्दोष उभी शिळा उघडी पडते. कापलेला दगड खाली उतरवायचा, यंत्रं वर चढवायची, त्यांच्यासाठी रस्ता करायचा. बघणाऱ्याला मूर्ती दिसते. मी त्या रिकाम्या जागेकडं बघत राहिले, जिथं आधी डोंगर होता.

अशा कामात चूक भरून काढता येत नाही. मातीची मूर्ती बिघडली तर थापून पुन्हा करता येते, ओतीव मूर्ती वितळवता येते. डोंगरातल्या मूर्तीचं नाक अंगुळभर जास्त कापलं गेलं तर सगळा चेहरा मागं घ्यावा लागेल, आणि मग कान, मग खांदे. म्हणून वरून खाली उतरत काम होतं, वेरूळचं कैलास उतरलं तसं. आधी मस्तक, मग गळा, मग छाती. राजस्थानातून आलेले कारागीर परांचीवर उभे राहून महिनोन् महिने एकाच गालासमोर होते. इतक्या जवळून गाल दिसत नाही, भिंत दिसते. गालाची गोलाई धरायची ती मापावर आणि हातावर विश्वास ठेवून. खाली उभं राहून बघणाऱ्याला तो गाल शांत दिसतो, ओठांच्या कोपऱ्यात हलकासा प्रसन्नपणा दिसतो. तेवढा प्रसन्नपणा काढायला किती दगड उडाला असेल!

या मूर्तीचे थोरले भाऊ ठाऊक असतील. सातपुड्यात बडवानीजवळचे बावनगजा, ८४ फूट उंच. श्रवणबेळगोळचा गोमटेश्वर, ५७ फूट. त्या गोमटेश्वराच्या पायाशी मराठीच्या जुन्यात जुन्या कोरीव ओळींपैकी एक आहे, चावुंडराजानं ही मूर्ती करवली असं सांगणारी. 'करवियलें' हा तिथला शब्द. पितळखोऱ्याच्या सोनारानं मात्र 'केला' असं लिहिलं आहे. करणं आणि करवणं यांच्यामध्ये छिन्नी धरणारे शेकडो हात असतात, आणि मला नेहमी त्या हातांची आठवण येते.

चपलेची टाच

मूर्तीपर्यंत आता गाडी जाते. बहुतेक यात्रेकरू दर्शन घेऊन, फोटो काढून तसेच उतरतात. सुळक्यांवरची जुनी लेणी त्यामुळं त्यांना भेटतच नाहीत, आणि हे मला बोचलं. त्यांच्यासाठी हजारो पायऱ्या चढाव्या लागतात. किती हजार, याचा आकडा चढताना विचारला तर एक मिळतो आणि उतरताना विचारला तर दुसरा.

ज्यांना चढवत नाही त्यांच्यासाठी डोल्या आहेत. बांबूला टांगलेली बैठक आणि ती खांद्यावर घेणारे भिलवाडचे आणि आसपासच्या वाड्यांवरचे लोक. पायथ्याशी एका डोलीवाल्याशी गप्पा झाल्या. माणसाचं वजन कसं ठरवता, असं विचारलं. तो म्हणाला, वजन विचारलं तर कुणी खरं सांगत नाही, बायका कमी सांगतात आणि पुरुष त्याहून कमी. म्हणून आम्ही चपला बघतो. टाच कुठं आणि किती झिजली आहे त्यावरून किलोचा अंदाज येतो, आणि माणूस कोणत्या बाजूला कलून बसणार तेही कळतं. त्याप्रमाणं पुढं कोण आणि मागं कोण हे ठरतं.

नऊ ताल मोजणाऱ्या स्थपतीइतकाच मला हा माणूस मापाचा जाणकार वाटला. त्यानं माझ्या चपलांकडं बघितलं आणि सांगितलं, "ताई, तुम्ही चालतच जा, तुमची टाच चांगली आहे." मी चालत गेले.

वर पायवाट फुटते. एक मांगीला, एक तुंगीला. दोन्ही सुळक्यांच्या कातळाला वेढा घालणारा प्रदक्षिणेचा मार्ग आहे, एका बाजूला दगड आणि दुसऱ्या बाजूला सगळं बागलाण. लांब साल्हेरचं टोक दिसतं. ५,१४१ फूट, महाराष्ट्रात कळसूबाईच्या खालोखाल. २०२५च्या जुलैत युनेस्कोनं मराठ्यांच्या किल्ल्यांना जागतिक वारसा म्हटलं, त्यांत तो आहे. मराठे आणि मोगल यांची १६७२ची लढाई त्याच्याच पायथ्याशी झाली.

कातळातली लेणी लहान आहेत. भिंतीवर ओळीनं तीर्थंकर, मुनी, काही पार झिजलेले. इतक्या हातांनी इतकी वर्षं स्पर्श केलेला दगड साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत होतो. १०८ फुटांच्या देवापुढं गप्प उभं राहायचं, आणि या वीतभर मूर्तींना बघायला वाकायचं. वाकल्याशिवाय त्या दिसतच नाहीत.

पाठमोरा बलभद्र

मांगीच्या लेण्यांत एक मूर्ती भिंतीकडं तोंड करून बसली आहे. दर्शन पाठीचं घ्यायचं. हे बलभद्र, म्हणजे बलराम.

जैन परंपरेतली त्यांची गोष्ट मला या डोंगरावर बसून नव्यानं कळली. कृष्ण गेला, पण भावाला ते पटेना. बलभद्र त्याचा देह खांद्यावर घेऊन सहा महिने हिंडत राहिले. तो झोपला आहे, रुसला आहे, उठेल, असं म्हणत. कुणी समजावलं तर अंगावर जायचे. शेवटी सिद्धार्थ नावाचा देव त्यांच्या वाटेवर आला आणि त्यानं वेडेपणा मांडला. एकदा तो खडकावर कमळ लावताना दिसला, एकदा जळून गेलेल्या झाडाला पाणी घालताना, एकदा मेलेल्या गाईच्या तोंडात गवत कोंबताना. बलभद्र म्हणाले, अरे मूर्खा, मेलेली गाय कधी गवत खाईल का? देव म्हणाला, तुझा भाऊ उठेल तेव्हा माझी गायही खाईल.

तिथं त्यांचा बांध फुटला. कृष्णावर अग्निसंस्कार झाला तो याच डोंगरावर, असं इथले लोक मानतात. दोन सुळक्यांच्या मधलं कृष्णकुंड दाखवतात.

इतक्या मोठ्या दुःखातून माणसाला बाहेर काढायला उपदेश कमी पडला. एक हसण्यासारखं, खुळं दृश्य कामी आलं. ही गोष्ट ज्यानं पहिल्यांदा रचली त्याला शोकाची आणि विनोदाची सारखीच खोल जाण होती.

पुढं बलभद्र मुनी झाले, भिक्षेला गावात गेले. रूप असं देखणं की विहिरीवरच्या एका बाईनं त्यांच्याकडं बघता बघता घागरीऐवजी आपल्याच पोराच्या गळ्यात दोर अडकवला. मुनींनी ते पाहिलं, तिला सावध केलं आणि ठरवलं की यापुढं वस्तीत पाऊल टाकायचं नाही. मग हा डोंगर, आणि आता ही भिंत.

मी बसले होते तेव्हा तीन बायका आल्या. पाठीला फूल वाहिलं, हात जोडले. एकीनं डोळे उघडल्यावर दुसरीला सांगितलं, "आमनं मानूस बी आसंच बठस. बाजारनी यादी सांगी का पाठ फिरावस." तिघी पदर तोंडाला लावून हसल्या. मग तिसरी, जी आतापर्यंत काही बोलली नव्हती, ती हळूच म्हणाली की भाऊ गेल्यावर आपलं माणूसही असंच बसायचं, वर्षभर, भिंतीकडं बघत. हसणं थांबलं नाही, फक्त उतरलं. तिघी थोडा वेळ तिथंच टेकून बसल्या. पहिलीनं पिशवीतला चिवडा काढला आणि मलाही दिला.

मुसकं

ऋषभदेवांचं लांछन बैल. बागलाणच्या शेतकऱ्याला यापेक्षा जवळची खूण नको. परंपरा सांगते की माणसाला जगण्याच्या सहा विद्या त्यांनी शिकवल्या. तलवार, लेखणी, शेती, विद्या, व्यापार आणि शिल्प. शेती आणि शिल्प दोन्ही एकाच गुरूची. डोंगरात मूर्ती आणि पायथ्याशी कांद्याचे वाफे ही शेजारगाठ त्या अर्थानं फार शोभते.

खाली उतरल्यावर एका कांदाचाळीपाशी चहा मिळाला. चाळीत उन्हाळी कांदा भरलेला होता, मालक खालचा सडका कांदा काढून बाजूला टाकत होते. मी त्यांना ऋषभदेवांच्या उपवासाची गोष्ट सांगितली. दीक्षा घेतल्यावर भिक्षेला निघाले, पण मुनीला आहार द्यायचा असतो हे लोकांना ठाऊकच नव्हतं. कुणी हत्ती आणला, कुणी रत्नं, कुणी मुलीच देऊ केल्या. भाकरी कुणी देईना. वर्ष उलटल्यावर हस्तिनापुरात श्रेयांसानं उसाचा रस दिला, तो दिवस अक्षय्य तृतीयेचा. एवढा उपवास का घडला, याचंही कारण सांगतात. मळणीत बैल धान्य खातात म्हणून पूर्वी कधी त्यांनी शेतकऱ्यांना बैलांच्या तोंडाला मुसकं बांधायला सांगितलं होतं. तेच कर्म फिरून आलं.

मालकांनी हातातला कांदा खाली ठेवला. "म्हनजे देवले बी मुसकं नडनं!" असं म्हणून ते मोठ्यांदा हसले. चहा संपेपर्यंत मग ते स्वतःच्या बैलजोडीबद्दल बोलत राहिले. ट्रॅक्टर आल्यावर ती विकली, त्याला बरीच वर्षं झाली. खळ्यावर ते बैलांना मुसकं बांधायचे, पण पोळ्याच्या आदल्या दिवसापासून काढून ठेवायचे. ते मुसकं अजून माळ्यावर आहे म्हणाले. टाकवत नाही.

मामलेदार आणि चक्र

दैवताला आपल्यातलं करून घ्यायची हातोटी या तालुक्याकडं आधीपासून आहे. सटाणा शहरात आरम नदीच्या काठी ज्यांचं मंदिर आहे ते यशवंतराव महाराज म्हणजे यशवंत महादेव भोसेकर, १८१५चा जन्म, पेशानं मामलेदार. १८७०-७१च्या दुष्काळात त्यांनी सरकारी खजिन्यातले सव्वा लाखावर रुपये उपाशी लोकांना वाटले. लोकांनी त्यांना देव केलं, पण हुद्दा काढून घेतला नाही. आजही ते देव मामलेदारच. मार्गशीर्षात यात्रा भरते तेव्हा पाळण्यात बसलेली पोरंसुद्धा 'मामलेदारबाबांची जत्रा' म्हणतात. एखाद्या सरकारी पदाच्या नावात इतकी माया भरलेली मी दुसरीकडं पाहिली नाही.

तालुक्यातच देवळाणे गावी जोगेश्वर महादेवाचं जुनं दगडी देऊळ आहे, शृंगारशिल्पांमुळं कामदेवाचं मंदिर म्हणून बोललं जाणारं. बाहेरगावचे पाहुणे येतात आणि पहिला पाव तास फक्त खांबांचं कौतुक करतात, असं पारावरच्या एका आजोबांनी सांगितलं. मग हळूच विचारतात, ती दुसरी शिल्पं कुठं आहेत? आजोबा त्यांना हाताला धरून नेतात. कसलाही संकोच नाही. गावातल्या बायका त्याच देवळात प्रदक्षिणा घालतात, सोमवारी बेल वाहतात. शिल्पातल्या जोडप्यांकडं त्या शेजाऱ्यांच्या घरात उजेड दिसावा तशा बघतात आणि पुढं जातात.

मुल्हेरला मात्र कोजागरीलाच जायला हवं. बागुल राजांची ही राजधानी, मयूरगिरी. त्यांच्याच दरबारात रुद्रकवीनं १५९६ साली या घराण्यावर संस्कृत महाकाव्य लिहिलं. औरंगजेबानं १६३८ला राज्य घेतलं. राज्य गेलं, पण संत उद्धव महाराजांच्या समाधीपाशी कोजागरीची रासक्रीडा राहिली. भलंमोठं चक्र केळीच्या पानांनी आणि झेंडूनं सजवतात, मंडपावर चढवतात, आणि रात्रभर पदं चालतात. चक्र वर जाताना सगळं गाव श्वास रोखून बघतं. मी गेले त्या रात्री ते जागेवर बसलं आणि टाळ्या पडल्या, तेवढ्यात गर्दीतून एक आवाज आला, "आते चहा सोडा!" पुढची दहा मिनिटं पदांच्या आधी चहाच्या किटल्या फिरल्या. ज्या कोजागरीला मांगीवर त्या मूर्तीचा विचार मांडला गेला, त्याही रात्री इथं खाली हे चक्र चढत असणार.

हातात बसला

परतीच्या दिवशी योगायोगानं तीच माय पुन्हा भेटली, त्याच फाट्याकडं जाणाऱ्या गाडीत. नातवाच्या कपाळावर गंध, हातात प्रसादाची पुडी. मी तिला विचारलं, पाण्याचं कळलं का? ती म्हणाली, कळलं, अभिषेक नुसत्या पाण्याचा नसतो, दूध असतं, उसाचा रस असतो, हळद, चंदन असतं. मग जरा थांबून तिनं हिशेब केला आणि म्हणाली, एवढ्या दुधाला घरची म्हैस पुरणार नाही, डेअरीच लागेल.

नातू मागं वळून बघत होता. पायथ्याशी उभं राहिल्यावर त्याला फक्त पावलं आणि घोटे दिसले होते, वर बघता बघता तो मागं पडला होता, असं मायनं सांगितलं. आता गाडी लांब आली तशी मूर्ती लहान होत चालली. मी त्याला दाखवलं, एक डोळा मीट आणि बोट आडवं धर. त्यानं बोट धरलं. मग बोटाखाली दुसरं बोट लावलं. एक वळण गेल्यावर दुसरं बोट काढून टाकलं. देव बरोबर एका बोटामागं मावत होता.

त्यानं दुसऱ्या हाताची मूठ भरकन मिटली आणि आजीसमोर धरली. मायनं ती उघडून बघायचं नाटक केलं आणि म्हणाली, "आते बरा हातमा बसना."

ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. रस्त्यावर बकऱ्या होत्या.